घरातला गॅस फर्नेस: बसवताना काय बघायचं आणि हिवाळाभर नीट कसा वापरायचा

घर घेताना आपण किचन बघतो, बॅकयार्ड बघतो, शाळा कुठली पडते ते बघतो, पण बेसमेंटच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या पत्र्याच्या खोक्याकडे, म्हणजे घर तापवणाऱ्या फर्नेसकडे, कोणी ढुंकूनही बघत नाही. मग होम इन्स्पेक्शनच्या रिपोर्टात एक ओळ येते की फर्नेस १९ वर्षांचा झालाय, आयुष्य संपत आलंय, आणि मग नोव्हेंबरात फोनाफोनी सुरू होते की कोणाचा माणूस चांगला आहे, किती घेतो. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टन या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत इतकी मराठी कुटुंबं आली आहेत की हा प्रश्न सतत कोणी ना कोणी विचारत असतंच, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितेय. नियम कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांताचे सांगतेय. दुसऱ्या प्रांतात किंवा अमेरिकेत असाल तर लायसन्स आणि परमिटचे नियम वेगळे, पण मशीन तेच आणि धोकेही तेच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. फर्नेसमध्ये तीन वाटा असतात. एका वाटेने गॅस आत येतो, दुसरीने जळलेला वायू घराबाहेर जातो, आणि तिसऱ्या वाटेने घरातली हवा रिटर्नमधून (हवा परत ओढणाऱ्या जाळीतून) फर्नेसमध्ये जाऊन गरम होऊन डक्टमधून परत खोल्यांत येते. पहिल्या दोन वाटांना आपण हात लावायचा नाही, ते लायसन्सवाल्याचं काम. तिसरी, हवेची वाट, पूर्णपणे आपली आहे. आणि फर्नेस बंद पडण्याच्या, मोटर जळण्याच्या, बिल वाढण्याच्या निम्म्या तक्रारी तरी या तिसऱ्या वाटेकडे दुर्लक्ष झाल्यानेच येतात असं माझं मत आहे.

आधी फर्नेस चालतो कसा ते ऐका

ऐका म्हणजे खरंच ऐका. एखाद्या शांत संध्याकाळी बेसमेंटमध्ये जाऊन उभे रहा आणि घरातल्या कोणाला तरी वरून थर्मोस्टॅट दोन डिग्रीने वाढवायला सांगा. आधी एक छोटा पंखा घूं करत सुरू होतो, तो इन्ड्यूसर, त्याचं काम जळलेला वायू बाहेर ओढून काढायचं. तो नीट ओढतोय की नाही हे प्रेशर स्विच नावाचा एक छोटा गोल तबकडीसारखा भाग तपासतो, आणि त्याने होकार दिल्याशिवाय पुढे काही होत नाही. मग गॅस पेटवणारा इग्नायटर तापायला लागतो, पुढच्या छोट्या काचेतून नारिंगी लाल झालेला दिसतो. मग टक् असा आवाज येतो, गॅस व्हॉल्व उघडतो, आणि फुस्स करून बर्नर एका ओळीत पेटतात. लगेच फ्लेम सेन्सर नावाची एक बारीक सळई ज्योत आहे ना हे बघते, नसेल तर काही सेकंदांत गॅस बंद. आणि साधारण अर्धा ते एक मिनिटाने मोठा ब्लोअर सुरू होतो, तेव्हा कुठे खोल्यांत गरम हवा यायला लागते. बंद होताना उलटं, आधी ज्योत जाते, आणि ब्लोअर आतली उरलेली उष्णता काढायला आणखी दीड-दोन मिनिटं फिरत राहतो.

हा क्रम एकदा कानात बसला की अर्धं काम झालं. कारण टेक्निशियनला फोन करताना "फर्नेस चालत नाही" एवढंच सांगण्यापेक्षा "इन्ड्यूसर फिरतो, इग्नायटर लाल होतो, पण ज्योत पेटत नाही" किंवा "ज्योत पेटते आणि चार सेकंदांत विझते" असं सांगितलंत तर त्याला येण्याआधीच अंदाज येतो आणि तो बरोबर पार्ट घेऊन येतो. (पेटून लगेच विझणं हे बहुतेक वेळा फ्लेम सेन्सरवर थर साचल्याचं लक्षण, आणि ते साफ करण्याचं काम अगदी थोड्या वेळाचं असतं, त्यासाठी कोणी फर्नेसचा कंट्रोल बोर्ड बदलायला सांगत असेल तर आधी सेन्सर साफ केला का ते विचारा.)

पेटायला दोन-तीनदा जमलं नाही की फर्नेस स्वतःला लॉक करून घेतो, सहसा तासाभरासाठी. आत बोर्डवर एक छोटा दिवा ठराविक वेळा लुकलुकतो, त्याचा अर्थ सांगणारा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो आणि दिवा दाराच्या काचेतून बाहेरूनच दिसतो. किती वेळा लुकलुकतोय ते मोजा, व्हिडिओ काढा. एकदा स्विच बंद-चालू करून बघायला हरकत नाही. पण लॉक होतोय म्हणून पुन्हा पुन्हा रिसेट करत बसू नका, आणि दार उघडल्यावर फर्नेस बंद पाडणारा जो दाराचा स्विच असतो त्यावर टेप लावून फर्नेस चालू ठेवायचा प्रकार तर कधीच नको, यूट्यूबवर कोणी कितीही सहज करून दाखवलं तरी.

नवीन घेताना: साईझ आधी, ब्रँड नंतर

आपल्याकडे पहिला प्रश्न असतो कुठला ब्रँड. खरं तर ब्रँडने जेवढा फरक पडतो त्याच्या कितीतरी पट फरक साईझने आणि बसवणाऱ्याच्या हाताने पडतो. फर्नेसची ताकद बीटीयू या उष्णतेच्या मापात सांगतात, घरगुती फर्नेस साधारण ४०,००० पासून १,००,००० बीटीयूपर्यंत मिळतात. जुना १,००,००० चा होता म्हणून नवाही तेवढाच टाकू असं जो म्हणतो त्याला थांबवा. जुन्या फर्नेसची एफिशियन्सी कमी होती, मधल्या काळात खिडक्या बदलल्या असतील, अ‍ॅटिकमध्ये इन्सुलेशन टाकलं असेल, तर घराची गरज कमी झालेली असते. कॅनडात घराचा हीट लॉस (घरातून किती उष्णता बाहेर जाते ते) काढायची एक ठरलेली पद्धत आहे, सीएसए एफ२८० म्हणतात तिला, भिंती, खिडक्या, तळघर, तुमच्या गावचं हिवाळ्यातलं तापमान सगळं धरून आकडा काढतात. कोटेशन देणाऱ्याला सरळ विचारा, हीट लॉस काढणार का? काढणार नाही म्हणाला तर दुसरा बघा.

मोठा घेतला तर काय बिघडतं? तर मोठा फर्नेस पाच मिनिटांत थर्मोस्टॅटजवळची जागा तापवून बंद होतो, वरच्या मजल्यावरची मागची खोली थंडच राहते, मग दहा मिनिटांनी परत सुरू. हे दिवसभर चालतं. इग्नायटर लवकर जातो, हीट एक्स्चेंजर (जळत्या वायूची उष्णता हवेला देणारा धातूचा भाग) सतत तापून-थंड होऊन थकतो, आणि घरात कधी उकाडा कधी गारठा. टाऊनहाऊसला तर बऱ्याचदा ४०,००० चा पुरतो.

एफिशियन्सीचा आकडा म्हणजे एएफयूई. जुने ८० टक्केवाले असायचे, म्हणजे गॅसच्या शंभरातली वीस उष्णता चिमणीतून गेली. कॅनडात २०१९ पासून नव्या घरगुती गॅस फर्नेसला किमान ९५ टक्के लागतात, त्यामुळे आता मिळतात ते सगळे कन्डेन्सिंग प्रकारचे, ज्यात दुसरा हीट एक्स्चेंजर धुरातली वाफसुद्धा थंड करून तिची उष्णता काढून घेतो. म्हणून त्याचा धूर कोमट असतो, प्लास्टिकच्या पाईपमधून बाहेर जातो, आणि त्यातून पाणी निघतं. हे पाणी आम्लधर्मी असतं, कडाक्याच्या थंडीत दिवसाला काही लिटर निघू शकतं, त्याला नीट निचरा लागतो. त्याचं पुढे सांगते.

सिंगल स्टेज की टू स्टेज? परवडत असेल तर टू स्टेज घ्या, बहुतेक दिवस तो कमी आचेवर लांब चालतो, आवाज कमी, खोल्या सारख्या तापतात. मॉड्युलेटिंग (गरजेप्रमाणे आच कमी-जास्त करणारा) आणखी चांगला पण पार्ट महाग आणि दुरुस्तीला तेवढा जाणकार माणूस लागतो.

आता एक कळीचं. रेंटलवर घेऊ नका. महिन्याला थोडे डॉलर, मेंटेनन्स फुकट असं ऐकायला गोड वाटतं, पण दहा-पंधरा वर्षांची कॉन्ट्रॅक्ट असतात, दर वर्षी भाडं वाढतं, आणि घर विकताना बायआऊटचा, म्हणजे कॉन्ट्रॅक्टमधून सुटायला भरायचा, आकडा बघून डोळे पांढरे होतात. ऑन्टारियोत १ मार्च २०१८ पासून फर्नेस, एसी, वॉटर हीटर वगैरे न बोलावता दारावर येऊन विकायला बंदी आहे, आणि अशा भाड्याच्या उपकरणांच्या नावाखाली घराच्या टायटलवर जो नोसी नावाचा बोजा चढवायचे तोही जून २०२४ मध्ये कायद्याने बंद केला. तेव्हा दारात कोणी टॅबलेट घेऊन "एनर्जी प्रोग्रॅम" म्हणत आलं तर बिल दाखवू नका, आत घेऊ नका. घरी आई-बाबा भारतातून आलेले असतील आणि दुपारी एकटे असतील तर त्यांना हे मुद्दाम सांगून ठेवा, कारण आपली माणसं दारात आलेल्याला नाही म्हणायला संकोचतात आणि पाणी विचारतात, आणि तेवढ्यात सही होऊन जाते.

बसवायच्या दिवशी

ऑन्टारियोत गॅसचं काम टीएसएसएने (प्रांतातल्या तांत्रिक सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या संस्थेने) मान्यता दिलेल्या कंपनीने आणि लायसन्स असलेल्या टेक्निशियननेच करायचं असतं. घरगुती फर्नेससाठी जी२ लायसन्स लागतं (ते ४,००,००० बीटीयूपर्यंतच्या उपकरणांसाठी असतं), जी३ वाला असेल तर तो वरच्या लायसन्सवाल्याच्या देखरेखीखालीच काम करू शकतो. कार्ड दाखवा म्हणायला लाजू नका, चांगला माणूस आनंदाने दाखवतो. आणि "कॅश दिलं तर टॅक्स वाचेल, माझा मित्र वीकेंडला येऊन बसवून देईल" या वाटेला जाऊच नका. उद्या काही झालं तर इन्शुरन्स हात वर करेल, पण मला त्याहून जास्त काळजी रात्री त्या घरात झोपणाऱ्या पोरांची वाटते.

काम चालू असताना मध्ये मध्ये करायचं नाही, पण काही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, फोटो काढून ठेवा.

गॅसच्या पाईपवर फर्नेसजवळच हाताने बंद करता येईल असा व्हॉल्व असायला हवा. दांडी पाईपच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आणि थोड्या मोठ्या मुलांना हा व्हॉल्व दाखवून ठेवा. व्हॉल्वनंतर पाईप खाली एक शेपटी सोडून मग फर्नेसकडे वळलेला दिसेल, ती ड्रिप लेग, पाईपातला कचरा आणि ओल तिथे पडते, गॅस व्हॉल्वमध्ये जात नाही. ती नसेल तर का नाही ते विचारा. सगळे जोड झाल्यावर टेक्निशियन साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघतो. हे तुमच्यासमोर करायला सांगा. प्रत्येक जोडावर, नुसत्या शेवटच्या एकावर नाही. काडी ओढून गळती तपासणारा महाभाग भेटला तर त्याला तिथल्या तिथे घराबाहेर काढा.

मग तो गॅसचं प्रेशर मोजेल. नॅचरल गॅसला फर्नेसकडे येणारं प्रेशर साधारण ७ इंच वॉटर कॉलम (गॅसचं प्रेशर मोजायचं माप) आणि बर्नरकडे जाणारं बहुतेक मॉडेलना ३.५ इंच, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं तेच खरं. गावाबाहेर प्रोपेनवर घर असेल तर आकडे वेगळे आणि फर्नेसला प्रोपेनचा कन्व्हर्जन किट बसवावाच लागतो, तसाच चालवला तर ज्योत भलतीच मोठी होते आणि सीओ, म्हणजे विषारी कार्बन मोनॉक्साईड, तयार होतो. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर बेसमेंटच्या जमिनीवर साचून राहतो, म्हणून तिथे आणखी जपून.

धुराचा पाईप हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे घाई झाली तर माणसं मरतात. प्लंबिंगचा साधा पांढरा पीव्हीसी चालत नाही, पाईपवर एस६३६ असा छाप हवा, आणि प्रायमर, गोंद, फिटिंग सगळं त्याच कंपनीच्या त्याच सिस्टमचं. धुराचा पाईप फर्नेसकडे उतरता हवा, फुटाला पाव इंच उतार, म्हणजे आतलं पाणी परत फर्नेसच्या निचऱ्यात येतं. मध्येच पोट सुटलं असेल तर तिथे पाणी साचतं, इन्ड्यूसरला हवा ओढता येत नाही आणि ऐन जानेवारीत फर्नेस लॉक. बाहेर पाईपचं तोंड जमिनीपासून किमान १ फूट वर, आणि तुमच्याकडे बर्फ साचतो त्या पातळीच्याही वर हवं. नेहमीच्या घरगुती साईझला उघडणाऱ्या खिडकीपासून १ फूट, गॅस मीटरच्या रेग्युलेटरपासून ३ फूट, आणि एचआरव्ही (घरात ताजी हवा खेळवणारं मशीन) हवा आत घेतो त्या तोंडापासून ६ फूट लांब. डेकखाली पाईप काढून दिलेली घरं मी बघितली आहेत, धूर तिथेच घुटमळतो, असं करू देऊ नका.

आणि एक गोष्ट जी बरेच जण विसरतात. जुना फर्नेस आणि वॉटर हीटर दोघांचा धूर एकाच चिमणीत जात असेल आणि आता नवा फर्नेस भिंतीतून प्लास्टिकच्या पाईपने बाहेर गेला, तर त्या मोठ्या चिमणीत एकटा वॉटर हीटर उरतो. त्याचा बिचाऱ्याचा धूर थोडा, चिमणी मोठी आणि आता थंड, मग तो वर चढत नाही, उलटा घरात येतो. फर्नेस उत्तम बसवलेला असूनही असं घर धोकादायक होतं. चिमणीत लायनर (आतून बारीक नळी) घालावा लागतो किंवा वॉटर हीटर बदलावा लागतो. कोटेशन घेतानाच विचारा, माझ्या वॉटर हीटरच्या चिमणीचं काय करणार?

पाण्याच्या निचऱ्याचा पाईप फ्लोअर ड्रेनपर्यंत किंवा पंपापर्यंत जातो ना बघा, घराबाहेर काढलेला नको, गोठतो. सगळं जोडून झाल्यावर टेम्परेचर राईज मोजायला सांगा, म्हणजे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक. फर्नेसच्या प्लेटवर मर्यादा छापलेली असते, उदाहरणार्थ ३५ ते ६५ डिग्री फॅरनहाईट, आणि आलेला आकडा त्यात बसायला हवा. जास्त आला म्हणजे हवा कमी पडतेय, ब्लोअरचा वेग किंवा डक्ट बघावं लागेल. हे सगळे आकडे कागदावर लिहून घ्या आणि फर्नेसच्या बाजूला पिशवीत घालून अडकवून ठेवा. वॉरंटी कंपनीच्या साईटवर लगेच रजिस्टर करा, बऱ्याच कंपन्यांची दहा वर्षांची पार्ट वॉरंटी ६० किंवा ९० दिवसांत रजिस्टर केली तरच मिळते, नाहीतर पाचवर येते.

पहिल्यांदा चालवल्यावर थोडा वेळ तेलकट जळका वास येतो, नव्या पत्र्यावरचं तेल जळतं, खिडक्या उघड्या ठेवा. दर वर्षी सीझनच्या पहिल्या दिवशीही धूळ जळल्याचा वास येईल, अर्ध्या तासात गेला पाहिजे. राहिला, किंवा प्लास्टिक जळल्यासारखा आला, तर बंद करून फोन करा.

सीओ अलार्म, आणि यात काटकसर नाही

कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, म्हणून माणूस झोपेतच जातो. पुण्या-नाशिककडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या असतात, तोच हा वायू. इथे २००८ च्या डिसेंबरात वुडस्टॉकमध्ये एक पोलीस अधिकारी, त्यांचे पती आणि दोन मुलं असं अख्खं कुटुंब गेलं, गॅस फायरप्लेसचा व्हेंट तुंबलेला होता आणि घरात सीओ अलार्म नव्हता. त्यांच्या नावाने ऑन्टारियोत हॉकिन्स गिन्याक कायदा झाला आणि २०१४ पासून घरात सीओ अलार्म सक्तीचा झाला.

झोपायच्या खोल्यांबाहेर अलार्म हवाच, आणि प्रत्येक मजल्यावर एक लावा, बेसमेंट धरून. बेसमेंटमध्ये कोणी भाडेकरू किंवा स्टुडंट रहात असतील तर त्यांच्या झोपायच्या जागेजवळ वेगळा, ती तुमची जबाबदारी आहे. फर्नेसच्या अगदी शेजारी किंवा गॅसच्या शेगडीच्या डोक्यावर लावू नका, उगाच वाजतो. अलार्मचं आयुष्य मॉडेलप्रमाणे पाच ते दहा वर्षं, मागे तारीख असते, ती संपली की बॅटरी कितीही नवी असू दे, फेकून द्या.

हेही लक्षात घ्या की हा अलार्म कमी प्रमाणाला लगेच वाजत नाही. ७० पीपीएम असेल तर वाजायला एक ते चार तास लागू शकतात, ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटं. म्हणजे वाजला याचा अर्थ तुम्ही आधीच काही वेळ तो वायू घेताय. चार बीप, थोडं थांबून परत चार बीप, हा सीओचा इशारा. मध्येच एखादी चिव् ती बॅटरीची. चार बीप आले की सगळ्यांना घेऊन बाहेर, थंडी असली तरी, आणि बाहेरून ९११. खिडक्या उघडत, कारण शोधत आत फिरू नका. अलार्म न वाजताही घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखतंय, मळमळतंय, ताप मात्र नाही, आणि बाहेर गेलं की बरं वाटतं, असं असेल तर तो फ्लू समजून काढा पीत बसू नका.

गॅसचा वास आला तर

कुजलेल्या अंड्यासारखा वास, तो मुद्दाम मिसळलेला असतो. हलका असो की जोरात, दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, घरात फोन वापरू नका, गराज डोअरचं बटण दाबू नका, सरळ बाहेर पडा आणि लांब जाऊन गॅस कंपनीच्या इमर्जन्सी नंबरला किंवा ९११ ला फोन करा. तो नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा. सर्दी झाली असली की वास कळत नाही, म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाला आला तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

आपली वाट: हवा

फिल्टर. १ इंच जाडीचा असेल तर हिवाळ्यात दर महिन्याला बघा आणि फार तर तीन महिन्यांत बदला, ४-५ इंची असेल तर सहा महिने ते वर्ष. पण हे पाकिटावरचे आकडे आपल्या घरांना लागू पडत नाहीत. आपल्याकडे रोज फोडणी, तळण, पोळ्यांच्या पिठाची भुकटी, सकाळ-संध्याकाळ उदबत्ती, हे सगळं रिटर्नमधून फिल्टरवर जाऊन बसतं. दिवाळीचा फराळ झाल्यावर फिल्टर काढून बघा, नुसता राखाडी नसतो, पिवळट चिकट झालेला असतो आणि हाताला तेल लागतं. असा फिल्टर झटकून परत वापरता येत नाही. म्हणून दिवाळी झाली की फिल्टर बदलायचाच असं ठरवून टाका, आणि तळताना शेगडीवरची किचन चिमणी फुल स्पीडवर, तीही धूर घराबाहेर टाकणारी हवी. मायक्रोवेव्हखालची बऱ्याचदा तोच धूर परत तोंडावर मारते.

बदलताना आधी फर्नेसचा स्विच बंद, फिल्टरवरचा बाण फर्नेसच्या ब्लोअरकडे, आणि कडेला तारीख लिहा. १ इंचाच्या जागेत मर्व्ह १३ चा दाट फिल्टर कोंबू नका (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ पकडतो त्याचा आकडा), अ‍ॅलर्जी आहे म्हणून लोक घेतात, पण त्यातून हवा कमी जाते, हीट एक्स्चेंजर जास्त तापतो, लिमिट स्विच फर्नेस बंद करतो. मर्व्ह ८ ते ११ पुरे, १३ हवाच असेल तर टेक्निशियनकडून ४-५ इंची कॅबिनेट बसवून घ्या.

न वापरत्या खोल्यांचे व्हेंट बंद करून बिल वाचत नाही, उलट डक्टमधलं प्रेशर वाढतं. सोफा, पलंग, देवघराचं कपाट रिटर्नच्या जाळीपुढे ठेवू नका. फर्नेसच्या पुढे अडीच फूट जागा मोकळी ठेवा आणि फर्नेसरूममध्ये पेंट, थिनर, पेट्रोलचा कॅन, रिकामे खोके काही नको. बेसमेंट फिनिश करताना फर्नेस छोट्या खोलीत बंद करणार असाल तर आधी टेक्निशियनला विचारा, जुना फर्नेस किंवा वॉटर हीटर असेल तर तो ज्वलनाची हवा त्याच जागेतून घेत असतो.

ह्युमिडिफायर बाहेर उणे २० असताना ३० टक्क्यांच्या वर नको, खिडक्यांच्या आतून पाणी ओघळायला लागलं की समजा जास्त झालं. त्याचं पॅड दर वर्षी बदला.

बर्फ, वीज जाणं, आणि डिसेंबरची भारतवारी

बर्फ पडून गेला की ड्राईव्हवे साफ करायच्या आधी घराच्या कडेला जाऊन ते दोन पांढरे पाईप बघा. धूर जाणाऱ्या आणि हवा घेणाऱ्या, दोन्ही तोंडांपुढचा बर्फ हाताने काढा, फावडं आपटू नका. शेजाऱ्याचा स्नोब्लोअर तुमच्या पाईपवर बर्फ उडवत असेल तर गोड बोलून सांगा.

वीज गेली की गॅस असूनही फर्नेस चालत नाही, इन्ड्यूसर, बोर्ड, ब्लोअर सगळ्यांना वीज लागते. २०१३ च्या डिसेंबरात टोरांटोत आईस स्टॉर्म आलं तेव्हा लाखो लोक अंधारात होते, आणि घरात कोळसा पेटवल्याने, गराजमध्ये जनरेटर चालवल्याने सीओ विषबाधेच्या केसेस झाल्या. तेव्हा ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटवून ठेवणं, बार्बेक्यू गराजमध्ये आणणं, काही नको. एका खोलीत सगळे एकत्र या, दारांच्या फटींना टॉवेल लावा, गोधड्या काढा, फारच लांबलं तर ओळखीच्यांकडे किंवा वॉर्मिंग सेंटरला जा.

डिसेंबरात महिनाभर भारतात जाताना फर्नेस बंद करून जाऊ नका. थर्मोस्टॅट १५-१६ डिग्रीवर ठेवा, नवा फिल्टर घाला, पाण्याचा मेन व्हॉल्व बंद करून नळ उघडून पाईप रिकामे करा, सिंकखालची कपाटं उघडी ठेवा. थर्मोस्टॅटमध्ये बॅटरी असेल तर ती नवी घाला. आणि कोणाला तरी किल्ली देऊन घर बघायला सांगा. बऱ्याच इन्शुरन्स पॉलिसींत घर रिकामं असताना ठराविक दिवसांनी कोणीतरी येऊन बघायला हवं अशी अट असते, ती पाळली नाही तर पाईप फुटल्याचा क्लेम नाकारतात, तिकीट काढतानाच पॉलिसी उघडून वाचा. येणाऱ्याने तारखेसकट फोटो पाठवले तर फारच उत्तम.

वर्षातून एकदा सर्व्हिस, आणि रेड टॅग

सप्टेंबरात करून घ्या, नोव्हेंबरात कोणी मोकळा नसतो. चांगली सर्व्हिस म्हणजे नुसतं व्हॅक्यूम मारणं आणि स्टिकर लावणं नव्हे. गॅस प्रेशर, टेम्परेचर राईज, फ्लेम सेन्सरचं मायक्रोअ‍ॅम्प रीडिंग, धुरातलं सीओ, पाण्याचा ट्रॅप साफ, व्हेंटची तपासणी, आणि हे आकडे मागच्या वर्षीच्या कागदाशी ताडून बघा. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लवलवणारी, किंवा ब्लोअर सुरू झाल्या झाल्या हलायला लागणारी ज्योत दिसली तर हीट एक्स्चेंजरला तडा असल्याची शंका घ्यायची आणि फर्नेस बंद करून माणूस बोलवायचा.

तपासणीत धोका आढळला तर टेक्निशियन टॅग लावतो. टाईप ए म्हणजे ताबडतोब धोका, गॅस तिथेच बंद. टाईप बी म्हणजे दुरुस्तीला मुदत, जास्तीत जास्त ४५ दिवस. बहुतेक वेळा टॅग खरा असतो, पण टॅग लावून त्याच दमात नव्या फर्नेसचं कोटेशन पुढे करणारेही आहेत. तेव्हा काय आढळलं ते लेखी मागा, तडा असेल तर कॅमेऱ्याचा फोटो मागा, त्या दिवशी कशावरही सही करू नका आणि दुसऱ्या कंपनीच्या माणसाला बोलवून दाखवा. तोवर टाईप ए लागलेला फर्नेस मात्र कोणाच्याही सांगण्यावरून चालू करायचा नाही. दोन-तीन इलेक्ट्रिक हीटर आणून एक-दोन रात्री काढता येतात, फक्त प्रत्येक हीटर सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा, एक्स्टेन्शनवर नाही, पडदे-पांघरुणांपासून तीन फूट लांब ठेवा, आणि एका सर्किटवर एकच.